जिला कुणी 'गेली' म्हटलं नाही

भाद्रपदातलं लोणावळ्याचं धुकं आषाढातल्या धुक्यासारखं नसतं. आषाढातलं धुकं पावसाच्या पाठीवर बसून येतं, धावतं, कपडे भिजवतं आणि निघून जातं. भाद्रपदात पाऊस थकलेला असतो. उतारांवर तेरडा गुलाबी झालेला असतो, खाली मळवलीच्या खाचरांत आंबेमोहोर पोटरीला आलेला असतो, आणि धुकं मात्र कुठेही जात नाही. ते येतं आणि बसतं. खिडकी उघडी राहिली तर आत येऊन खुर्चीवर बसल्यासारखं बसतं. आपण दिवा लावला तरी उठत नाही, जरासं सरकतं, इतकंच.

आज सकाळी तसं धुकं आलं आणि माझी बोटं टेबलावर आपोआप हलायला लागली. टक, टक, टकटक. तीन वर्षं झाली, तरी अंगात मुरलेला तो ताल गेलेला नाही.

तो ताल ज्या बंगल्यातला, तो बंगला डोंगराच्या कडेला होता. मुंबईचं एक कुटुंब पूर्वी उन्हाळ्यात तिथे हवा खायला येई. पुढे ते येईनासे झाले आणि मुंबईच्याच एका कंपनीनं तो भाड्यानं घेतला. कंपनीला परदेशातून कॉम्प्युटर आणायचा होता. सरकार म्हणालं, आणा, पण तेवढं परकीय चलन कमावून दाखवा. म्हणून कंपनीनं परदेशातलं काम इथे आणलं. कागद विमानानं यायचे, त्यांवरची माहिती मुली मशीनवर बसून जाड कार्डांवर भोकांच्या रूपात उतरवायच्या, आणि कार्डांची खोकी पुन्हा विमानानं जायची. त्यांबरोबर बंगल्याचे प्रमुख नाडकर्णीसाहेब यांनी लिहिलेला प्रोग्रॅम जायचा. तिकडचा कॉम्प्युटर तो वाचून कामाला लागायचा. मुंबईत संपाची भीती होती, इथे नव्हती. इथे मॅट्रिक झालेल्या, बोटं चपळ असलेल्या आणि तोंड बंद ठेवणाऱ्या मुली मिळतील, असा त्यांचा हिशेब होता. मावळातून वीज मुंबईला जाते, दूध पुण्याला जातं, पवनेचं पाणी कारखान्यांना जातं. आता बोटं निघाली होती, आणि ती थेट समुद्रापलीकडे.

'सॉफ्टवेअर' हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. मुलींनाही तो नवा होता.

"म्हंजी नक्की काय गं ते?" कुणीतरी डबा खाताना विचारलं.

"जे हातात धरता येत न्हाई, डोळ्याला दिसत न्हाई, आन् तरी परदेशात जाऊन लोकान्ला कामाला लावतं, ते," शशिकला म्हणाली. ती कामशेतजवळच्या एका शेतकरी घरातली, तोंडाची फटकळ.

"मंग भूत म्हन की सरळ."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

आणीबाणीचं ते दुसरं वर्ष. माझे वडील देहूरोडच्या डेपोत कामगार. आमच्या घरात पाळण्याच्या दोरीवर बाळाच्या दुपट्यांऐवजी ओली पत्रकं वाळत घातलेली असत, असं आई सांगते. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरूनच. 'कामगार बंधूंनो' हे मला 'कमळ' आणि 'गवत' यांच्या आधी वाचता आलं. त्या वर्षी वडिलांचं सायक्लोस्टाईल मशीन गोणपाटात गुंडाळून गोवऱ्यांच्या ढिगाखाली पुरून ठेवलं होतं. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मी बंगल्यात इंग्रजी पत्रव्यवहाराची नोकरी धरली आणि गप्प बसायला शिकू लागले. ते मला कधी नीट जमलं नाही.

तिथलं काम एका थंड देशातल्या बंदराच्या गावचं होतं. तिथल्या एका जुन्या संस्थेचं. सभासद मेल्यावर घरच्यांना अंत्यविधीचा खर्च आणि पुढे पेन्शन द्यायची, असं तिचं काम. कित्येक वर्षांची सभासद-कार्डं त्यांना कॉम्प्युटरमध्ये भरायची होती, म्हणजे जे जिवंत आहेत त्यांना दरवर्षी मशीनच पत्र पाठवेल. मूळ कार्डं त्यांनी दिली नाहीत. त्यांच्या फोटोस्टॅट प्रती पाठवल्या, आणि त्याही उलट्या उतरलेल्या: कागद काळा, अक्षरं पांढरी. प्रत्येक कार्डावर सभासदाचा फोटो होता. तोही उलटा. काळे चेहरे, राखेसारखे पांढरे केस, आणि बुबुळांच्या जागी पांढरे ठिपके. जो सभासद मेला असेल त्याच्या कार्डावर तिकडच्या कारकुनानं कधीतरी काळा शिक्का मारलेला होता. आमच्याकडे तो पांढरा होऊन आला, बहुतेक वेळा नेमका कपाळावर.

दिवसभर ते चेहरे समोरून सरकायचे. पहिल्या आठवड्यात मुली घाबरल्या. पुढे त्यांची थट्टा सुरू झाली. कुणी कुणाला नवरा निवडून द्यायचं. "हा बघ तुझा, मिशा कशा कापसावानी." दुसऱ्या दिवशी त्याच माणसाचं पुढच्या वर्षांचं कार्ड यायचं आणि त्यावर शिक्का असायचा. "गेला गं बाई तुझा. कुंकू पूस." मग पुन्हा हशा. पण हसताना कुणी त्या कागदाकडे बघत नसे.

मला हे सहन होईना. चेहरे सहन होत होते. आपण काय करतो आहोत हे मुलींना पुरतं ठाऊक नाही, हे सहन होत नव्हतं. त्यांच्यासाठी ते सगळे आकडे होते. शेवटच्या रकान्यात माणूस जिवंत असेल तर एक, मेला असेल तर दोन, आणि त्याच्या अलीकडच्या रकान्यात मरणाच्या कारणाचा आकडा. कारणांची यादी इंग्रजीत होती. कामगाराला आपल्या हातून काय घडतंय ते कळलं पाहिजे, हे मी दुधाबरोबर प्यायले होते. एका रविवारी मी ती यादी साध्या मराठीत उतरवली, मोठ्या अक्षरांत, आणि मशीनच्या खोलीत भिंतीवर चिकटवली. बुडाला. भाजला. क्षय. हृदय बंद पडलं. म्हातारपण. बाळंतपण. त्या वर्षात मी काढलेलं ते एकमेव पत्रक. सोमवारी मुलींनी एकेक करून भिंतीजवळ येऊन ते ओळीखाली बोट धरून वाचलं. मला वाटलं, जागृती होते आहे.

पंचिंगची एक रीत असते, ती सांगायला हवी. एक मुलगी कागद बघून कार्डाला भोकं पाडते. मग तेच कार्ड दुसऱ्या खोलीत दुसऱ्या मुलीकडे जातं. तिच्या मशीनला व्हेरिफायर म्हणतात. ती तोच कागद बघून तेच सगळं पुन्हा टाइप करते. या वेळी भोक पडत नाही, मशीन फक्त ताडून पाहतं. दोघींचं जुळलं तर कार्डाच्या काठाला एक बारीकशी खाच पडते. जुळलं नाही तर लाल दिवा लागतो आणि मशीन अडून बसतं. एकीचं खरं असायला दुसरीनं तेच म्हणावं लागतं. नाडकर्णीसाहेब अभिमानानं सांगायचे, "एका हाताची चूक होते. दोन हातांची एकच चूक होत नसते."

श्रावणात तिकडून पत्र आलं. मीच ते उघडलं. भाषा सभ्य होती, त्यामुळे अंगावर काटा जरा उशिरा आला. आमच्या कार्डांवरून त्यांच्या मशीननं सभासदांना पहिली पत्रं पाठवली होती. त्यांतली काही मेलेल्या बायकांना गेली. फार पूर्वी मेलेल्या. एक म्हातारा ते पत्र घेऊन त्यांच्या कचेरीत आला, टोपी काढून उभा राहिला आणि त्यानं विचारलं, की माझी बायको तुमच्याकडे कधी आली होती? ती परत आली असेल तर मला का नाही भेटली? चूक दुरुस्त करून कार्डं ताबडतोब पाठवावीत, नाहीतर काम थांबवावं लागेल, असं शेवटी लिहिलं होतं.

मी ते कागद काढून पाहिले. कपाळावर पांढरा शिक्का स्पष्ट होता. कार्डावर मात्र एक. जिवंत. आणि प्रत्येक कार्डाच्या काठाला खाच. म्हणजे पहिलीनंही एक म्हटलं, आणि दुसऱ्या खोलीत बसून दुसरीनंही एकच म्हटलं. एखादीच जोडी नव्हे. निरनिराळ्या मुली, निरनिराळे दिवस. मी त्या बायकांची कारणं पाहत गेले. माझ्याच अक्षरातला तक्ता समोर भिंतीवर होता. प्रत्येकीचं कारण एकच होतं.

नाडकर्णीसाहेब वाईट माणूस नव्हते. गळ्याला मफलर गुंडाळून दिवसभर गणितं करत बसायचे. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा पांढरा झाला. "दोन हातांची एकच चूक झाली तर ती चूक नसते, कट असतो," ते मला म्हणाले आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिले. माझे वडील कोण ते त्यांना ठाऊक होतं. त्या वर्षी 'कट' हा शब्द कुणी सहज उच्चारत नसे.

मी शशिकलेला विचारलं, "तुम्ही आपापसात ठरवलं होतं का?"

"आईशप्पत न्हाई. मला वाटलं मी एकटीच करतीय. दिवा लागंल, पकडली जाईन, म्हणून छाती धडधडायची. दिवा लागलाच न्हाई." या वेळी ती फटकळ बोलली नाही. "ताई, दिवा का लागला न्हाई, ह्याचीच मला जास्त भीती वाटली."

सगळ्यांत जास्त कार्डं भिमाची होती. भिमा मळवलीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीतली. आश्रमशाळेत राहून मॅट्रिक झालेली, वाडीतली पहिली. नवरा खाली एका बंगल्याची राखण करायचा. तिला तेव्हा सातवा महिना होता. नोकरी टिकली तर तळेगावच्या दवाखान्यात बाळंतपण करायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. तिची आई घरीच, चुलीपाशी, बाळंतपणात गेलेली.

मी तिला पडवीत गाठलं. बाहेर काही दिसत नव्हतं. दरी, झाडं, फाटक, सगळं धुक्यात. फक्त पागोळ्यांचा आवाज.

"भिमा, तू केलंस?"

"व्हय."

"सगळ्या?"

"बाळंतपनातल्या तेवड्या. बाकीच्या मारल्या की."

"का पण?"

तिनं माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "ताई, तुमीच तर भितीवर लिवलं."

मग तिनं जे सांगितलं ते मी इथे जसंच्या तसं लिहिते. "आमच्यात तशी बाई गेली तर 'गेली' म्हणत न्हाईत. 'बाहेर हाय' म्हणायचं. तिला नेताना मागं रस्त्यावर राळ्याचं बारीक दानं टाकायचं. तिला लेकराची ओढ असती, ती माघारी येती. पण राळं दिसलं की मोजत बसती. मोजून हुत न्हाई, उजाडतं, पुन्हा पयल्यापासनं. ती मोजत बसली की मंग 'गेली' म्हणायचं. त्याच्या आदी जी म्हणंल, तिच्या मागं ती लागती. माझ्या आयच्या येळंला मावशीला धीर निघाला न्हाई. वरडली, 'अक्का गेली गं!' दुसऱ्या वर्साला मावशी तशीच."

"हा योगायोग असतो, भिमा. जंतुसंसर्ग होतो, रक्त जातं."

"आसंल. रगत तर गेलंच." ती शांतपणे म्हणाली. "आमचं पयलं गाव पवनेच्या काठाला. आता तितं धरनाचं पानी हाय. रस्ता गेला, मसनवट गेली. मी इचार करते, आयसाठी टाकलेलं राळं तरंगून वर आलं असंल. मंग ती मोजायची थांबली असंल का?"

हे कुठल्याच पत्रकात नव्हतं. धरणाविरुद्ध वडिलांनी लिहिलं होतं. जमिनी, मोबदला, पुनर्वसन. पाण्याखाली मोजत बसलेल्या बायकांचं पुनर्वसन कुणी मागितलं नव्हतं.

साहेबांनी निर्णय दिला. ज्यांची कार्डं, त्यांनी ती दुरुस्त करायची. सुरुवात भिमापासून. नाही म्हणणारीनं घरी जायचं, आणि सगळ्याच नाही म्हणाल्या तर बंगला बंद होईल. मी त्यांच्याशी भांडले. पोटुशी बाई आहे, तिला घाबरवू नका, म्हणाले. ते म्हणाले, "तुम्हीच सांगा, मी तिकडे काय कळवू? आमच्या मुलींना तुमच्या बायकांची दया आली, असं?" मी म्हटलं, हो, तसंच कळवा. ते हसले नाहीत. "तुमच्या वडिलांची मला काळजी वाटते," एवढंच म्हणाले. धमकी होती की खरी काळजी, अजून कळलेलं नाही.

पितृपक्ष लागला होता. बंगल्याच्या मागच्या भिंतीवर कुणीकुणी ठेवलेली पानं आणि त्यांवर कावळे. धुक्यात कावळे दिसायचे नाहीत, पान हललेलं दिसायचं.

दुपारी भिमा मशीनवर बसली. बाकीच्या मुली भिंतीला टेकून उभ्या. मी पुढे झाले. "ऊठ. मी करते. माझा यावर विश्वास नाही, मला काही होणार नाही."

तिनं मान हलवली. "म्हणून तर तुमी नगं. इश्वास नसलेल्यानं 'गेली' म्हटलं तर त्या जायच्याच न्हाईत. त्यांला ते ऐकूच जायाचं न्हाई." मग थोडा विचार करून म्हणाली, "मागनं म्हणायला बसा तुमी. दुसऱ्या मशिनीवर. मागनं म्हणनाऱ्याला काय व्हत न्हाई."

म्हणून त्या दिवशी व्हेरिफायर तिच्या खोलीत सरकवून आणला, आणि मी त्यावर बसले.

कार्डांना भोकं पडतात तेव्हा मशीनच्या पोटात कागदाचे बारीक कण जमा होतात. मुली त्यांना कोंडा म्हणायच्या. भिमानं त्या कोंड्याची परडी जवळ ओढून घेतली. एकेक कागद समोर लावला की ती त्या काळ्या चेहऱ्याकडे नीट बघायची, वरचं नाव अडखळत वाचायची, चिमूटभर कोंडा डाव्या खांद्यावरून मागे टाकायची. मग दोनाची कळ दाबायची. टक. कार्ड माझ्याकडे यायचं. मी दोन दाबायची. खाच पडायची. पुढची.

"हितं टाकलेलं तितं पुरंल का गं?" एकदा तिनं कुणालाही उद्देशून नसल्यासारखं विचारलं.

"पुरंल," भिंतीपासून शशिकला म्हणाली. "पत्र तितं पोचतंय तर ह्ये बी पोचंल."

खोली गार होत गेली, असं मला वाटलं. खिडक्या बंद होत्या आणि दमट हवेत कार्डं फुगू नयेत म्हणून कपाटात दिवसभर पेटता ठेवलेला बल्बही चालू होता. तरी मुली पदर गुंडाळून घेऊ लागल्या. फरशीवर भिमाच्या मागे पांढरा कोंडा पसरला होता. वारा नव्हता, पण तो जरा जरा हलायचा. एक कण इकडे, एक तिकडे. कुणीतरी बोटानं बाजूला सारत असल्यासारखा. मी हे लिहिते आहे आणि मला ठाऊक आहे की जुन्या लाकडी फरशीखाली पोकळी असते आणि मशीनच्या धक्क्यानं फरशी थरथरते. तेव्हाही ठाऊक होतं. मी पाय वर घेऊन बसले.

शेवटचं कार्ड आलं. एल्सा नावाची बाई. वय भिमाएवढंच असेल. मी कागद बघून सगळं पुन्हा दाबत गेले, शेवटच्या रकान्यात दोन दाबलं, आणि लाल दिवा लागला.

मी भिमाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. तिचे दोन्ही हात पोटावर होते.

"एक ऱ्हाऊ द्या, ताई," ती हळूच म्हणाली. "माझ्या येळंला उशाला उभी ऱ्हाईल. तिला ठावं हाय कुटं चुकतं ते."

साहेब दाराशी उभे होते. त्यांना दिवा दिसला असेल. त्यांनी मफलर नीट केला आणि ते व्हरांड्यात निघून गेले. ते का गेले, हा प्रश्नही मी अजून सोडवते आहे.

मी कळ सोडवली आणि एक दाबलं. खाच पडली. दोघींचं जुळलं. एल्सा जिवंत.

याला मी चूक म्हणणार नाही. एका बाईला भीती वाटत होती आणि तिच्या सोबतीला उभं राहायला त्या वाडीच्या सबंध डोंगरात दवाखाना नव्हता, डॉक्टर नव्हता, रात्रीबेरात्री चालणारी गाडी नव्हती. होती ती एक मेलेली परकी बाई. तिलाही मी नाही म्हणायला हवं होतं का?

कार्डं गेली, काम टिकलं. तळेगावच्या दवाखान्यात भिमाचं नाव घातलं गेलं. पण कार्तिकात अवेळी पाऊस झाला, ओढा भरला आणि तिला खाली आणता आलं नाही. वाडीवरच सुटली. रक्त खूप गेलं. मुलगी झाली. दोघी जगल्या.

महिन्याभरानं मी भेटायला गेले. भात झोडपून झालेलं, पेंढ्याचा वास, अंगणात ऊन. भिमा पिवळी पडली होती, पण हसली. "व्हती ती," म्हणाली. "बोलली न्हाई काय. उशाशी उभी. सुईन यायच्या आदी तिनंच माझं डोकं धरलं. हात लय गार." सुईण बाजूलाच बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर वळवली आणि चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

माघात बंगला बंद झाला. तिकडच्या संस्थेला आमच्याहून स्वस्त बोटं कुठल्याशा दुसऱ्या देशात सापडली. भांडवलाला घर नसतं, हे मी लहानपणापासून वाचत आले होते. ते असं मफलर बांधून, मुलींना एकेक स्टीलचा डबा भेट देऊन, दिलगिरी व्यक्त करत निघून जातं, हे मात्र वाचलं नव्हतं. मशीनं ट्रकवर चढत होती तेव्हा भिमा आली. कडेवर लेक. धापा टाकत.

"ताई, आता तिला सोडा. झालं माझं. दोन दाबा."

मी ताडपत्रीखालच्या मशीनकडे बोट दाखवलं. कार्डं तिकडे गेली होती, काम संपलं होतं, आता आमचं कुणी ऐकणार नव्हतं, हे समजावून सांगितलं.

"मंग ती कुटं जाईल?"

ट्रक सुरू झाला.

"पोरगी रडली ना, की मी उठायच्या आदी पाळणा हालतो," भिमा म्हणाली. तिच्या आवाजात आता भीती नव्हती, ओशाळलेपण होतं, पाहुण्याला गरजेपेक्षा जास्त थांबवून घेतल्यासारखं. "तिचं बी लेकरू असंल की तिकडं कुटंतरी. माझ्यापायी हितं अडकली."

आणीबाणी गेली. वडिलांचं मशीन गोवऱ्यांखालून बाहेर आलं. मी पुन्हा मोठ्यानं बोलू लागले, सभांतून, लेखांतून, या असल्या कागदांतून. गेल्या वैशाखात माझं लग्न झालं. भिमा दरवर्षी भाद्रपदात, पितृपक्ष लागला की, लोणावळ्याच्या बाजारात मला शोधत येते आणि एकच विचारते. कालही आली. लेक आता तिच्या बोटाला धरून चालते.

"कळवलं का तिकडं?"

आजवर मी कळवलं नव्हतं. हसण्यावारी नेत होते. एका कार्डावरचा एक आकडा. पण काल ती गेल्यावर मी ठरवलं, लिहायचं. इंग्रजीत दोन ओळींचं पत्र. पत्ता पाठच आहे. 'आपल्या सभासद एल्सा यांची नोंद चुकून जिवंत अशी झाली आहे. त्या...'

एवढं लिहिलं आणि पेन थांबलं.

खिडकीतून धुकं आत आलं होतं. मी अंधश्रद्धेविरुद्ध किती लिहिलं आहे, ते वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. पण मला तिसरा महिना आहे. हे अजून मी घरातसुद्धा सांगितलेलं नाही. आणि पुढचा शब्द लिहायला हात उचलत नव्हता. चहा गार झाला. मग माझ्या ध्यानात आलं, की मी भ्याले आहे, म्हणजे आता माझं म्हणणं तिला ऐकू जाईल.

मी लिहिलं. गेल्या. सही केली, पाकीट चिकटवलं आणि धुक्यात टपालपेटीपर्यंत चालत गेले.